मागं सरकलेली सीट

कुरुंद्यात कोणालाबी विचारा, अंगदची बायको कोणती, तर माणूस हात करून गाडीच दाखवंल. पांढरी स्विफ्ट, मागच्या काचेवर नागनाथाचं नाव, आन् आत डोक्यावर पदर घेतलेली एक बारकी बाई. तिच्या पाठीमागं चार पदरी घडी घातलेलं काळं घोंगडं. त्या घोंगड्यामुळं ती सीटवर बसल्यावानी दिसायचीच न्हाई, टेकून उभी राहिल्यावानी दिसायची. सुरवातीला लोक हसायचे. मंग सवय झाली.

आमचा अंगद भादव्यात गेला. बत्तीस वर्षाचा व्हता. डेंगू झाला, नांदेडला नेलं, तिसऱ्या दिवशी गेला. येवढंच हाय ते, त्याच्यात लांबवून सांगण्यासारखं काही न्हाई. मागं राहिले बाप नामाजी, माय चंद्रभागाबाई, बायको दीपमाला, चाळीस मेंढरं, दोन एकर हळद आन् ती गाडी.

दीपमालाला गाडी त्यानंच शिकवली व्हती. माहेरी ती मेंढरामागं फिरलेली, सायकल बी येत नव्हती तिला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तो तिला माळावरच्या रस्त्याला न्यायचा. आधी खाली वाकायचा, सीटखालची दांडी उचलायचा, सीट पुढं ढकलायचा आन् विचारायचा, पोहचला का पाय. चालवून झालं की आपली आपण सीट मागं घ्यायचा आन् घरी यायचा. तिनं त्या दांडीला कधी हातच लावला न्हाई. लावायची वेळच आली न्हाई. तिला येवढं ठावं व्हतं की सीट पुढं असली की तिची, मागं असली की ह्यायची, म्हंजे अंगदची.

तो गेल्यावर गाडी दारात उभी राहिली. नामाजी सकाळी मेंढरं सोडायच्या आधी गाडीजवळ जायचा, काचेतून आत बघायचा, त्या रिकाम्या सीटला हात जोडून रामराम घालायचा आन् चालता व्हायचा. चंद्रभागाबाई आठवड्याला फडकं मारायची वरून. आत कोणी बसलं न्हाई. दीड महिना असाच गेला.

मंग एका दुपारी शेजारच्या मिनाच्या पोटात कळा सुरू झाल्या. नवरा परभणीला, गाड्या सगळ्या लग्नाच्या वर्दीला, भाड्यानं गेलेल्या. बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. नुसत्या गाडीकडं बघून राहिल्या. दीपमाला उठली, खिळ्यावरची चावी काढली आन् जाऊन बसली. पाय पोहचत नव्हता. ब्रेकला नुसता आंगठा टेकायचा. चंद्रभागाबाईनं बघितलं, आत गेली, अंगदचं घोंगडं आणलं, घडी करून सुनंच्या पाठीमागं कोंबलं. सीट पुढं घ्यावी हे दोघीला बी सुचलं न्हाई असं न्हाई. सुचलं. पर दोघी बी बोलल्या न्हाईत.

मिनाला वसमतला पोचवलं, पोरगी झाली. दुसऱ्या दिवसापासून दीपमालाला वर्दी यायला लागली. औंढ्याला दर्शनाला जाणाऱ्या बाया, तपासणीला जाणाऱ्या सासवा. बायाला बरं वाटायचं, बाईच चालवून राहिली म्हणून. ती चालवायची. बोलायची न्हाई जास्त. कोणी अंगदचं नाव काढलं की व्हय म्हणायची, आन् पुढं बघायची. रडताना तिला कोणी बघितलं न्हाई. दहाव्याला न्हाई, तेराव्याला न्हाई. चंद्रभागाबाई मनातल्या मनात भ्यायची, ह्या पोरीला झालं तरी काय. दीपमालाला बी कळत नव्हतं. सगळं दिसायचं, ऐकू यायचं, भाकरीची चव बी कळायची. पर पाय बधिर झाल्यावर कोणीतरी चिमटा काढावा तसं व्हतं. चिमटा काढलेला दिसतोय, लागत न्हाई.

पौषात किसनसिंग आला. किसनसिंग तांड्यावरचा, वसमतला त्याचं गॅरेज. अंगदचा जिवाचा दोस्त. दाराची चौकट लागंल येवढा उंच, म्हणून अंगदच्या घरात तो कायम मान वाकवून येतो. त्यानं खिशातून मोबाईल काढला आन् नामाजीला सांगायला लागला. अंगदनं आन् त्यानं गेल्या उन्हाळ्यात दोघाची नावं नोंदवली व्हती, ट्रॅक डेला. आता ट्रॅकवाल्यायचा मेसेज आलाय. तारीख फेब्रुवारीच्या शेवटच्या आयतवारची. अंगदचं नाव काढून दुसऱ्या कोणाचं टाकता येतं. कोणाचं टाकू का तसंच सोडू, हे विचारायला तो आला व्हता.

नामाजीनं विचारलं, ट्रॅक डे म्हंजे काय. किसनसिंगनं समजावून सांगितलं. तिकडं हैदराबादच्या पलीकडं गाड्या पळवायचा एक वाकडातिकडा रस्ता हाय, चहूकडून बंद. समोरून कोणी येत न्हाई. म्हैस न्हाई, उसाची ट्रॉली न्हाई, खड्डा न्हाई. काही काही दिवशी तिथं साध्या माणसाला आपली घरची गाडी चालवू देतात. शर्यत न्हाई, नंबर न्हाई. वीस मिनिटं चालवायची, बाहेर यायचं, गाडी थंड करायची, परत वीस मिनिटं. एकाच गाडीवर दोघं आळीपाळीनं चालवू शकतात, अंगदनं आन् त्यानं तसंच ठरवलं व्हतं.

"म्हंजे कुठी जायचं नसतंय," नामाजी म्हणला.

"न्हाई काका. जिथून निघालं तिथंच यायचं."

"मंग मेंढरावानीच झालं की."

दीपमाला चुलीपाशी व्हती. तवा उतरवता उतरवता म्हणली, "माझं नाव टाका."

मीठ आणा म्हणावं तसं म्हणली. चंद्रभागाबाईनं काहून म्हणून विचारलं, तर म्हणली, तारीख हाय म्हणून. येवढंच. दुसरं कारण तिच्यापाशी नव्हतं आन् तिनं शोधलं बी न्हाई. किसनसिंग नामाजीकडं बघून राहिला. नामाजीनं लई येळ तंबाखू मळली. मंग म्हणला, नाव तर नाव, टाक.

गावात गोष्ट पसरायला दोन दिस बी लागले न्हाईत. किराणा दुकानाचा पुनमचंद चंद्रभागाबाईला साखर मोजता मोजता म्हणला, मावशी, सुनंनं आता इमान चालवायचं तेवढं राहिलं. चंद्रभागाबाई म्हणली, चालवंल तवा पयले तुमालाच बसविते, तुमी वजन बराबर धरा आधी. दुकानात सगळे हसले. घरी आल्यावर मातर ती सुनंला म्हणली, बाई, तुला जायचं तर जा, पर मला ते वेगाचं काही सांगू नको.

किसनसिंगनं तिकडून आलेली यादी मराठीत उतरवून आणली, वहीच्या दोन पानावर. गाडीत काय काय करायचं, आन् चालवणाऱ्यानं काय काय घालायचं. दर बुधवारी हळदीच्या बाजाराच्या गर्दीनंतर दीपमाला गाडी घेऊन गॅरेजला जायची. तो एक एक काम करायचा आन् तिला बाजूला उभं करून दाखवायचा. ब्रेकचं ऑइल पार काढून नवं भरलं. जुनं ऑइल काळं चहावानी निघालं. तो म्हणला, गरम झालं की ह्याच्यात बुडबुडे व्हतात, मंग ब्रेक पायाखाली गुळगुळीत व्हतो, काही धरत न्हाई. ब्रेकचे पॅड नवे टाकले. बॅटरी हलत व्हती, ती पट्टीनं आवळली. चाकाचे नट स्वतः पान्यानं आवळून तिच्याकडून परत आवळून घेतले. एअर फिल्टर काढला तर हळदीनं पिवळाधम्मक. आमच्याकडं माघात हळद शिजते, वाळते, सगळी हवाच पिवळी असते, तिचा भुगा कुठी कुठी जाऊन बसतो. किसनसिंगनं फिल्टर झाडला तर गॅरेजात हळदीकुंकवाला आल्यासारखा वास सुटला.

दीपमाला सगळं बघायची, विचारलं तर बराबर सांगायची. विसरत न्हाई काही. किसनसिंग म्हणायचा, अंगदला पाच डाव सांगावं लागायचं, वहिनीला एकदाच. ती व्हय म्हणायची.

कपड्याचं बी लिहिलेलं व्हतं. सुती, पुऱ्या बाह्याचं, पाय झाकलेले, नाडीचे बूट. तिनं पंजाबी ड्रेस शिवून घेतला, पुऱ्या बाह्या, ओढणी न्हाई. बूट अंगदचे व्हते पर ते मोठे, म्हणून वसमतहून नवे आणले. हेल्मेट किसनसिंगनं कोणाचं तरी मागून आणलं. नामाजीनं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं, आत हात घातला, म्हणला, ह्याच्यात तर कोकरू बसंल. मंग सुनंच्या डोक्यावर स्वतः घातलं, पट्टा लावला आन् आवाज देऊन बघितला, दीपा, ऐकू येतंय का. येतंय मामा, ती आतून म्हणली.

मंग गाडी रिकामी करायचा दिवस आला. यादीत स्पष्ट लिहिलं व्हतं, गाडीत मोकळी एक वस्तू नको. जोरात वळताना, थांबताना ती उडती आन् पायाखाली नाहीतर डोक्यात येती. चंद्रभागाबाईनं अंगणात चादर आंथरली. दीपमालानं आधी डिक्की काढली. जादाचं चाक, जॅक, दोरखंड, मेंढराच्या औषधाचा डबा. मंग पायपुसणी. मंग पुढचा कप्पा. अंगदचा कंगवा निघाला, केस अडकलेला. गोळ्याची अर्धी पट्टी. औंढ्याच्या प्रसादाची पुडी, आत साखर विरघळून घट्ट झालेली. कोण्या बाईची एक बांगडी. सीटखालून एका लेकराची एक चप्पल, तीन फुलं असलेली.

चंद्रभागाबाई एक एक वस्तू घेऊन चादरीवर मांडत व्हती. कंगवा हातात आला तवा ती खाली बसली आन् तोंडाला पदर लावला. दीपमालानं तिच्याकडं बघितलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आन् परत गाडीत शिरली. तिला वाटलं व्हतं कंगवा बघून काही व्हईल. काही झालं न्हाई. दाणे निवडावे तसं तिनं सगळं निवडलं. नागनाथाची छोटी मूर्ती डॅशबोर्डवर चिकटवलेली व्हती, ती हलत नव्हती. किसनसिंगला फोन लावला. तो म्हणला, देवाला राहू द्या, देव पक्का बसलाय.

शेवटी राहिलं घोंगडं. चंद्रभागाबाईनं ते उचलायला हात घातला.

"ते राहू द्या, आत्या," दीपमाला म्हणली.

"यादीत लिव्हलंय ना मोकळं काही नको."

"ते राहू द्या."

चंद्रभागाबाईनं हात काढून घेतला.

पुढच्या बुधवारी किसनसिंग तिला मोंढ्यामागच्या, धान्याच्या बाजारामागच्या मोकळ्या मैदानात घेऊन गेला. जमिनीवर दोन विटा ठेवल्या, लांब लांब. साठचा वेग धरायचा, पयल्या विटेपाशी ब्रेक पुरा दाबायचा आन् दुसऱ्या विटेच्या आत गाडी थांबवायची. सरळ धरायची, ष्टेरिंग हलवायचं न्हाई. आन् विटेकडं बघायचं न्हाई, लांब बघायचं, जिथं जायचं तिथं. हे सांगायची तिला गरजच नव्हती. मेंढरामागं चालणारं माणूस पायापाशी कधी बघत न्हाई, सगळ्यात पुढच्या मेंढीकडं बघतं.

पयल्या डावात गाडी विटेच्या बरीच पुढं गेली. दुसऱ्या डावात बी. दहा डाव केले, दहाच्या दहा डाव गाडी पुढं. किसनसिंग बाजूच्या सीटवर बसून तिच्या पायाकडं बघायला लागला. मंग त्याला कळलं. पाय जोरात दाबला की माणूस मागं रेटल्या जातंय. मागं सीट टणक असंल तर सगळा जोर पायात उतरतो. घोंगडं असलं की ती त्याच्यात रुतायची, आर्धा जोर घोंगडंच खायचं. ब्रेक पुरा लागला की पायाखाली कशी थरथर व्हते, टपाटपा मारल्यासारखी, ती एक डाव बी झाली न्हाई.

तो म्हणला, वहिनी, घोंगडं काढा आन् सीट पुढं घ्या. गुडघा वाकलेला राहिला पायजे, पाय पुरा दाबल्यावर बी.

दीपमाला म्हणली, "सीट हलवायची न्हाई."

"काहून?"

"ती ह्यायची जागा हाय."

तिनं ते आवाज न चढवता सांगितलं. किसनसिंग दार उघडून खाली उतरला, विटा उचलल्या, विटा हातात घेऊन जरा येळ तसाच उभा राहिला. परत आला तवा म्हणला, चला, आज बास.

त्यानं मंग लई खटपट केली. घोंगड्याच्या मागं फळी लावून बघितली. फळी खालून सरकायची. घोंगडं पट्ट्यानं सीटला आवळून बांधलं. बांधलं तरी मऊ ते मऊच. पेडलवर लाकडाचा ठोकळा बसवायचं त्याच्या मनात आलं, तर त्यालाच ते पटलं न्हाई, ठोकळा निसटला तर पाय खाली जाईल. ट्रॅकवाल्याला फोन करून विचारलं, पाठीमागं गादी चालंल का. तिकडच्या माणसानं साफ सांगितलं, तपासणीत गादी दिसली तर गाडी आत सोडणार न्हाई, आन् पाय पुरा पोहचत नसंल तर बाईला बी सोडणार न्हाई.

म्हंजे आता दोनच गोष्टी राहिल्या. सीट पुढं घ्यायची, नाहीतर जायचं न्हाई. चंद्रभागाबाईला वाटलं, आता हे जायचं राहिलं. तिला आतून सुटल्यासारखं बी झालं. नामाजीनं एका जेवणाला सुनंला विचारलं, मंग काय करती. ती म्हणली, बघू. आन् दुसऱ्या दिवशी वर्दी आली तर घोंगडं पाठीला लावून औंढ्याला गेली.

निघायला दोन दिस राहिले. त्या दिवशी नामाजीला मेंढराच्या जंताचं औषध आणायचं व्हतं, म्हणून तो बी गाडीत वसमतला आला. सवयीनं मागच्या सीटवर बसला. अंगद गेल्यापासून तो पुढं बसत न्हाई. गॅरेजात दुसरं कोणी नव्हतं. किसनसिंगनं दोघाला स्टूल दिले, चहा सांगितला. चहा आला, संपला. किसनसिंग हातातला पाना पुसत राहिला. चांगला स्वच्छ झाला तरी पुसत राहिला.

मंग म्हणला, "वहिनी, त्या दिवशी नांदेडला गाडी कोणी नेली?"

"तुमी."

"अंगद माझ्या किती लागायचा?"

"खांद्याला."

"खांद्याच्या बी खाली. मी त्या दिवशी बसलो तर माझे गुडघे ष्टेरिंगला अडकले. घाईत मी सीट मागं घेतली. पार शेवटाला. तो मागं तुमच्या मांडीवर डोकं ठेवून व्हता, तुमचं ध्यान नव्हतं. येताना तुमी अॅम्बुलन्समधी आल्या. गाडी मीच आणली. दारात लावली, चावी काकाच्या हातात देली." त्यानं पाना खाली ठेवला. "ती सीट माझ्या पायाची हाय, वहिनी. त्याच्या न्हाई."



दीपमाला गाडीकडं बघून राहिली. चार महिने. मिनाला नेलं तवापासून चार महिने ती त्या सीटच्या पुढं टेकून बसली, मागच्या जागंला हात लागू देला न्हाई. कोणी चुकून ढकलली तर म्हणून कोणाला चालवायला देली न्हाई. धुवायला नेली तरी स्वतः उभी राहायची. तिला वाटलं आता काहीतरी व्हईल. ओरडावं वाटंल, नाहीतर किसनसिंगच्या तोंडावर काही फेकावं वाटंल. तसं बी काही वाटलं न्हाई. नुसतं तळहाताला गार लागलं.

नामाजी म्हणला, "मंग म्या रोज सकाळी तुलाच रामराम घालत व्हतो व्हय रं, किसन?"

किसनसिंगनं मान खाली घातली. नामाजी हसला बी न्हाई, चिडला बी न्हाई. डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला आन् नुसता त्याच्यावरून हात फिरवत बसला.

"आधी काहून न्हाई सांगितलं?" दीपमालानं विचारलं.

"मला ठावंच नव्हतं तुमी ती तशी ठेवलीय म्हणून. मैदानात तुमी म्हणल्या, ह्यायची जागा हाय. त्याच्यावर मला तोंड उघडता आलं न्हाई. वाटलं फळीनं जमलं तर जमलं."

"ह्यायची कुठी व्हती मंग?"

किसनसिंग गाडीजवळ गेला, दार उघडून खाली वाकला, सीटखालच्या पट्टीकडं बघितलं. बोटानं खाचा मोजल्या. परत मोजल्या. मंग तसाच वाकून म्हणला, "दोन खाचा पुढं असंल. न्हाईतर तीन. मला खरंच आठवत न्हाई, वहिनी. घाईत दांडी उचलली आन् पायानं मागं रेटली. मोजली न्हाई."

"दोन का तीन?"

"न्हाई सांगता येत."

तिनं मान हलवली. उठली. घोंगडं सीटवरून काढलं, झटकलं, त्यातून पिवळा भुगा उडाला, आन् ते नामाजीच्या हातात देलं. नामाजीनं ते खांद्यावर टाकलं. घोंगड्याशिवाय ती सीटवर बसली तर एकदम मागं गेली, लांब, ष्टेरिंग हाताला लागंना. कोण्या परक्याच्या घरात बसल्यासारखी. मंग वाकून सीटखाली हात घातला. दांडी तिला लगेच सापडली न्हाई. किसनसिंग दाखवायला पुढं झाला, तिनं हातानंच थांबवलं. दांडी सापडली. उचलली. सीट हलली न्हाई, पट्टीत हळद बसून घट्ट झाली व्हती. तिनं टाचा जमिनीत रोवल्या आन् अंग पुढं ओढलं.

टक.

पयली. तिनं दांडी सोडली, परत उचलली.

टक. दुसरी. इथं ती थांबली. दोन्ही हात ष्टेरिंगवर ठेवले. समोर गॅरेजची भिंत, भिंतीवर जुन्या टायरचे काळे गोल. ती तशीच बसली. मंग दांडी उचलली.

टक. तिसरी. इथं बी बसली. तेवढाच येळ. हात तसेच ठेवले, भिंतीकडं तसंच बघितलं. दुसऱ्या खाचंत आन् तिसऱ्या खाचंत तिला काही फरक कळला न्हाई. ह्यातल्या एकीवर बसून तो सात वर्ष गाडी चालवत व्हता, आन् कोणत्या एकीवर ते आता कोणाला बी ठावं न्हाई. तिनं डोळे मिटून बघितलं. तरी कळलं न्हाई. किसनसिंग दाराशी उभा व्हता, नामाजी स्टुलावर.

मंग तिनं परत दांडी उचलली. चौथी. पाचवी. सहावी. सहाव्या खाचंवर तिनं ब्रेक पार खालपर्यंत दाबला. पाठ टणक सीटला लागली. गुडघा वाकलेला राहिला.

"बराबर," किसनसिंग म्हणला.

तिघं तसेच मैदानात गेले. नामाजी कडंला उभा राहिला, खांद्यावर घोंगडं घेऊन. किसनसिंगनं विटा मांडल्या. दीपमालानं साठचा वेग धरला, लांब बघितलं, पयल्या विटेपाशी पाय दाबला. पायाखाली टपाटपा मारल्यावानी थरथर झाली, पयल्यांदाच, सगळी गाडी समोर वाकली आन् थांबली. दुसरी वीट अजून पुढं व्हती. तिनं पाय तसाच दाबून धरला, गाडी उभी राहिल्यावर बी. जरा येळानं सोडला. मंग आणिक चार डाव केले. चारी डाव गाडी विटेच्या आत.

परत येताना नामाजी मागचं दार उघडायला लागला, मंग थांबला आन् पुढं येऊन बसला.

गॅरेजात किसनसिंगनं यादी काढली, सीट लिहिलं व्हतं त्याच्यासमोर बरोबरची खूण केली. हैदराबादचा रस्ता लांबचा, अर्धा तो चालवणार, अर्धा ती, आन् ट्रॅकवर बी आळीपाळीनं. शुक्रवारी किती वाजता निघायचं, डबे किती, पाणी किती, हे ठरलं. दीपमाला गाडी सुरू करून बसली व्हती. काच खाली घेऊन म्हणली,

"किसनभाऊ, तुमी बसले की सीट मागं घ्यावी लागंल."

"घ्यावी तर लागंल, वहिनी. मी बसूच शकत न्हाई तशी."

"घ्या. पर मोजून घ्या. माझी सहावी हाय. उतरले की सहाव्यावर आणून ठेवायची."

किसनसिंगनं कानामागचा पेन काढला आन् यादीत बरोबरच्या खुणंपुढं सहा लिहिलं.